कमरेची किल्ली

"अक्का, लवकर! साहेब हिप्परग्यांच्या घरी चहाला बसलेत. लई तर वीस मिनिटं हायत आपल्या हातात," मिटकरी अप्पा रिक्षा थांबायच्या आतच ओरडले.

रिक्षाच्या मागच्या सीटवर आग विझवायचे सहा लाल सिलिंडर दाटीवाटीनं बसवले होते. त्यांतल्या एकावर हळदीकुंकवाची बोटं आणि एक स्वस्तिक होतं. पहिल्या घरी ते आले तेव्हा तिथल्या वहिनींनी नवी वस्तू म्हणून त्यांची रीतसर पूजा केली होती. आमच्या गल्लीत मुलामुलींना भाड्यानं ठेवणारी नऊ घरं, आणि सिलिंडर एवढे सहाच. एका घराची तपासणी झाली की ते मागच्या दारानं निघायचे आणि साहेबांच्या आधी पुढच्या घरी हजर व्हायचे. ही युक्ती कुणाची म्हणाल, तर माझी.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमचं शहर क्लासचं. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी नांदेड, हिंगोली, परभणीकडून ट्रंक घेऊन येतात आणि दोन वर्षं कुणाच्या तरी माडीवर राहतात. आमचे मालक वारल्यावर मीही माझ्या घराची माडी पोरींसाठी काढली. वरच्या मोठ्या खोल्यांना प्लायवूड ठोकून लहान खोल्या केल्या, कॉट टाकल्या, खाली माझ्या तीन खोल्या ठेवल्या. महानंदा हालकुडे हे नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं. बाकी सगळ्यांची मी मावशी झाले.

त्या साली महापालिकेनं नवा नियम काढला. दहाच्या वर मुलं भाड्यानं ठेवायची तर घराला परवाना पाहिजे. माणशी इतकी जागा, इतके संडास, आग विझवायची सोय, आणि बाहेर पडायला दोन वाटा. परवाना मिळाला नाही तर आठ दिवसांत घर रिकामं. गल्लीतल्या दोन घरांच्या दारावर नोटीस चिकटली तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरींची परीक्षा सव्वीस दिवसांवर आलेली. त्या वेळी कॉट उचलून जायचं कुठं? गावात एक खोली रिकामी नव्हती. म्हणजे परत गावाकडं, आणि दोन वर्षांचा अभ्यास पाण्यात.

ते होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. आणि मी एकदा ठरवलं की ते होतंच, असा माझा त्या वेळचा समज होता.

नियमाप्रमाणे माझ्या माडीवर बारा जणी बसत होत्या. राहत होत्या एकोणीस. सात जणींना मी सकाळीच डबे देऊन अभ्यासिकेत पाठवलं, त्यांच्या कॉट उभ्या करून त्यावर चादरी टाकल्या, आणि उरलेल्या बारा जणींना ओळीनं उभं केलं.

"कितीजणी राहता?"

"बारा!"

"जोरात नको. कवायतीसारखं वाटतंय. सहज सांगा."

"बारा," अश्लेषा केंद्रे सहज म्हणाली. ती पोरगी चुणचुणीत. अभ्यासाच्या टेबलावर घड्याळ लावून पेपर सोडवायची आणि वेळ संपली की अर्धं वाक्य तसंच सोडून पेन खाली ठेवायची. तिच्या शेजारी निखत उभी होती, कंधारची. बारीक अंगाची, दम्याची. तिचा फवारा कायम खिशात.

अप्पा सिलिंडर जिन्यात मांडत होते. शेवटचा हातात धरून ते म्हणाले, "अक्का, हा एक तिकडं बोळात ठेवू का? न्हाणीघराशेजारच्या खिडकीपाशी?"

"तिथं कशाला? तिथं बादल्यांची मांडणी आहे. कोण बघतंय तिकडं?"

"न्हाई, आपलं... बरं," असं म्हणून अप्पांनी तोही सिलिंडर जिन्यातच ठेवला आणि ते शेजारी आपल्या घरी निघून गेले.

मला कशाची काळजी नव्हती. कारण माझ्या घराचं खरं नाणं वेगळंच होतं, आणि ते माझ्या कमरेला खोचलेलं होतं. माझी किल्ली. जिन्याच्या पायथ्याशी जाळीचं सरकतं गेट, त्याला तळहाताएवढं कुलूप. रात्री नऊला लागायचं, पहाटे पाचला निघायचं. वरच्या सगळ्या खिडक्यांना गज. गच्चीचं दार तर मी विटा लावून बुजवूनच टाकलं होतं, कारण समोरच्या गच्चीवर एक पोरगा संध्याकाळी गाणी म्हणायला लागला होता. पोरींचे बाप घर बघायला यायचे, खोली बघायचे नाहीत, संडास बघायचे नाहीत, त्या कुलपाला हात लावून बघायचे. अश्लेषाचे वडील एसटीत ड्रायव्हर. त्यांनी तर कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाले होते, "ताई, ह्या कुलपाच्या भरवशावर लेकरू ठेवून चाललोय. ज्या दिवशी ते रात्रीचं ह्याच्या भाईर पडलेलं कळंल, त्या दिवशी बिस्तरा गुंडाळायचा न् घरी."

"तसा दिवस यायचा नाही भाऊ," मी म्हणाले होते.

गेटच्या आतल्या भिंतीवर माझा बोर्ड होता. सुतारानं खास करून दिलेला. प्रत्येक पोरीच्या नावाची पाटी, ती सरकवायची. डावीकडं 'आत', उजवीकडं 'बाहेर'. दूध आणायला गेली तरी पाटी सरकवायची. त्या बोर्डाचा मला इतका अभिमान होता की पाहुण्यांना मी तो देवघराच्या आधी दाखवायची.

महापालिकेचे जोगदंड साहेब आले ते चालत आले. किडकिडीत माणूस, बगलेत वही, खिशाला शिट्टी. चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. जिन्यातल्या पहिल्या सिलिंडरपाशी थांबले, वाकले, स्वस्तिकाकडं बघितलं.

"ह्याची अन् माझी आज सकाळपासून ही चौथी भेट," ते म्हणाले.

"आमच्या गल्लीत सगळ्यांनी एकाच दुकानातून घेतलेत साहेब. दुकानदारच पूजा करून देतो," मी पापणी न लववता सांगितलं.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. वर गेले, खोल्या मोजल्या, प्लायवूडवर बोटानं टकटक केलं, उभ्या केलेल्या कॉट बघितल्या. पोरींना विचारलं. पोरींनी सहज सांगितलं. मला वाटलं, झालं, आता सही.

खाली उतरताना त्यांचा हात गेटवरच्या कुलपावर गेला.

"हे कधी लावता?"

"नऊच्या ठोक्याला. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही."

"किल्ली?"

मी पदर बाजूला करून कमरेची किल्ली दाखवली.

"रात्री वर काही झालं तर?"

"मी आहे ना खाली. आणि माझी झोप सावध आहे साहेब. मांजर जिन्यावरून गेलं तरी जाग येते मला."

माझ्या मागं कुणीतरी खोकलं. निखत असावी. मी लक्ष दिलं नाही.

"द्या बघू," असं म्हणून त्यांनी हात पुढं केला. मी किल्ली दिली. साहेब गेटच्या बाहेर गेले, गेट सरकवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. मी आत, बारा पोरी माझ्या मागं जिन्यावर.

"अहो, हे काय?"

"तपासणी," जोगदंड म्हणाले. "समजा तुम्ही आज वरच झोपलात, आणि किल्ली खाली राहिली. किंवा खाली तुम्हालाच धूर लागला. काहीही समजा. मी समोर टपरीवर चहा घेतो. शिट्टी वाजवली की पाच मिनिटं मोजणार. पाच मिनिटांत तुम्ही सगळ्या मला रस्त्यावर दिसलात तर सही करतो. नाही दिसलात तर ताई, ह्या घरालाही नोटीस लावावी लागेल. मला त्यात आनंद नाही."

आणि तो माणूस खरंच रस्ता ओलांडून टपरीवर गेला. शिट्टी वाजली.

पहिल्यांदा मी हसले. मग गेट हलवून बघितलं. ते कुलूप किती दणकट आहे हे मी इतक्या बापांना सांगितलं होतं, पण आतून कधी बघितलं नव्हतं. मग वर धावले. पुढच्या खोलीची खिडकी, गज. मधल्या खोलीची खिडकी, गज. सगळे मीच उभं राहून बसवून घेतलेले, वेल्डिंगवाल्याला आणखी एक आडवा टाक म्हणून सांगून. गच्चीच्या जिन्यावर चढले तर समोर माझ्याच विटा. एप्रिलच्या दुपारी तिथं नुसता फुफाटा होता. माझ्या पाठीवरून घामाच्या धारा लागल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या घरात काय करावं ते सुचेना.

खाली आले तर बारा पोरी बोळात उभ्या होत्या आणि एकमेकींकडं बघत होत्या. घाबरलेली एकही दिसत नव्हती. त्याचा मला राग आला.

"बघताय काय नुसत्या? ओरडा तरी!"

अश्लेषानं मनगटावरचं घड्याळ बघितलं. "तीन मिनिटं गेली मावशी. दोन उरली." मग ती निखतकडं वळली. "सांगू?"

निखतनं मान हलवली.

"मावशी, रागावू नका," अश्लेषा म्हणाली. "चला."

पुढं जे झालं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. दोघींनी बादल्यांची मांडणी उचलून बाजूला केली. वाळत घातलेले टॉवेल ओढले. न्हाणीघराशेजारच्या त्या खिडकीचे गज चार बोल्टांवर होते, ते तिघींनी हातानं, नुसत्या हातानं, गरागरा फिरवून काढले, आणि अख्खी जाळी उचलून भिंतीला टेकवली. एकीनं कॉटखालून लाकडी फळी ओढली. फळी खिडकीतून सरकली आणि पलीकडं अप्पांच्या गॅलरीच्या कठड्यावर जाऊन बसली. कोणी कुणाला काही सांगत नव्हतं. प्रत्येकीला आपलं काम माहीत होतं.

पलीकडं गॅलरीत मिटकरी अप्पा उभे होते. हातात वर्तमानपत्र, पण ते उलटं.

"या अक्का," ते हात पुढं करून म्हणाले, "खाली बघू नका फकस्त."

माझं वजन त्या वेळी ऐंशीच्या घरात. नऊवार नसलं तरी पाचवारही अशा कामाला सोयीचं नसतं. मी काष्ट्यासारखा पदर खोचला, गुडघा खरचटून घेतला, बोल्टच्या भोकाला साडी फाडून घेतली, आणि दोन पोरींनी मागून ढकललं व अप्पांनी पुढून ओढलं तेव्हा कुठं पलीकडं पडले. माझ्यामागून बारा पोरी कशा आल्या? रोज दूध आणायला जावं तशा आल्या. अप्पांच्या लोखंडी जिन्यावरून आम्ही धडधडत रस्त्यावर उतरलो.

जोगदंड बशीत चहा ओतत होते. घड्याळ बघितलं, बशी खाली ठेवली. "चार मिनिटं चाळीस सेकंद."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"अश्लेषा?"

खाकी कपडे, हातात पितळी डबा. केंद्रे भाऊ. त्यांची गाडी दुपारी आमच्या स्टँडवर अर्धा तास थांबायची, आणि आठवड्यातून एकदा ते लेकीला धपाटे आणि शेंगाची चटणी द्यायला यायचे. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. त्यांनी माझ्या गेटकडं बघितलं. कुलूप जागच्या जागी लटकत होतं. मग अप्पांच्या जिन्याकडं बघितलं. मग लेकीकडं.

"गेटाला तर कुलूप हाय. तू कुठनं आलीस?"

अश्लेषाचा चेहरा पांढराफटक पडला.

"बोल की. ही वाट कुणी काढली? तुमीच पोरींनी? कवापासनं हाय?" भाऊंचा आवाज चढला. "रातचं कुलूप लावल्यावर तुमी हितनं जाताव व्हय भाईर?"

बारा जणींच्या माना खाली. मी काय सांगू, मला त्या क्षणी दोन्ही गोष्टी एकदम कळल्या. एक अशी की ह्या पोरींनी मला चांगलं वर्षभर तरी मूर्ख बनवलंय, आणि त्यांच्या झिंज्या धराव्यात असा संताप माझ्या मस्तकात होता. आणि दुसरी अशी की मी आत्ता 'मला माहीत नाही' एवढे तीन शब्द बोलले, की माझं नाव धुतल्या तांदळासारखं राहील आणि ही पोरगी साडेतीनच्या गाडीनं घरी जाईल. तिच्या मागून बाकीच्याही.

"ती वाट मी काढलीय," मी म्हणाले.

केंद्रे भाऊंनी माझ्याकडं बघितलं. जोगदंडांनीही बघितलं, माझ्या फाटक्या साडीकडं आणि गुडघ्यावर उमटलेल्या रक्ताच्या डागाकडं. ज्या बाईनं ती वाट काढली तिनं ती आयुष्यात आज पहिल्यांदा ओलांडलीय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"कधी केलीत?" जोगदंडांनी विचारलं.

मी गुडघ्यावरचं रक्त पदरानं टिपायला लागले.

"गेल्या मे महिन्यात," मागून मिटकरी अप्पा म्हणाले.

"गेल्या मे महिन्यात," मी म्हणाले. "ह्यांना वाट माहीत आहे ती मी दाखवली म्हणून. आजही मीच घेऊन आले. काही विचारायचं ते मला विचारा."

"ताई, मी कुलूप बघून लेकरू ठेवलं तुमच्याकडं," केंद्रे भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुःखच जास्त होतं. "आन् तुमी त्याच घराला मागनं भगदाड पाडलंव. सांगितलं बी न्हाई."

"ते कुलूप बाहेरच्यांसाठी आहे भाऊ. आतल्यांना कोंडायला नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते. पण मी असं ठणकावून बोलले, जणू सहा वर्षं हेच सांगत आलेय. गल्लीतले दोन-तीन मालक दारात येऊन उभे होते. उद्या सगळ्या गावात बोभाटा होणार, की हालकुडे मावशीच्या घराला दुसरं दार आहे आणि ते पोरींच्या हातात आहे. होऊ दे, असं मला वाटलं.

केंद्रे भाऊंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. मग जोगदंडांना म्हणाले, "आमच्या गाडीला बी असतंय साहेब. मागं. संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग."

"असतोच," जोगदंड म्हणाले.

"रोज सकाळी डेपोतनं निघायच्या आधी ते दार उघडून बघावं लागतंय. जाम झालेलं असलं की गाडी भाईर काढायची न्हाई, असा नेमच हाय." त्यांनी अप्पांच्या जिन्याकडं बोट केलं. "बघू बरं मला वाट."

आम्ही सगळे अप्पांच्या गॅलरीत चढलो. भाऊंनी फळीवर बूट ठेवून दाब दिला. फळी कुरकुरली.

"हे चालत न्हाई. हालतंय. हितं लोखंडाचा पूल पायजे, दोन्हीकडनं कठडा. आन् ही जाळी न्हाई, दार बसवा. आतनं उघडणारं," असं म्हणून त्यांनी डबा लेकीच्या हातात दिला. "धपाटे गरम हायत. खा."

अश्लेषा रडायला लागली. बापानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि घड्याळ बघत स्टँडकडं पळाला, कारण गाडी तीस मिनिटांच्या वर थांबत नाही.

जोगदंडांनी कुलूप काढलं, गेट सरकवलं आणि आत येऊन माझ्या बोर्डासमोर उभे राहिले. मी दिवसभर सगळं लपवलं होतं. कॉट लपवल्या, पोरी लपवल्या. बोर्ड लपवायचं मला सुचलंच नाही. तो माझ्या शिस्तीचा पुरावा, तो मी कशाला लपवीन?

"ह्या बोर्डाप्रमाणे," ते म्हणाले, "बारा जणी आत्ता आत आहेत."

बाराही जणी त्यांच्या मागं रस्त्यावर उभ्या होत्या.

"आणि नावं आहेत एकोणीस."

"एकोणीसच आहेत," मी म्हणाले. आता मला दमायला झालं होतं. "सात जणी अभ्यासिकेत आहेत. पोरींना खोटं बोलायला मी शिकवलं. सिलिंडरही गल्लीचे आहेत. लावा नोटीस."

त्यांनी माझ्या खालच्या घरात डोकावून बघितलं. "खाली किती खोल्या?"

"तीन."

"राहता कितीजण?"

"मी एकटी."

वर एकोणीस आणि खाली एक, हा हिशोब मी सहा वर्षांत एकदाही मांडला नव्हता.

"सात जणी खाली आणा," त्यांनी वहीत लिहीत सांगितलं. "तुमचे स्वतःचे सिलिंडर, पूजा केलेले असले तरी हरकत नाही. गेटाला आतून उघडणारा अडसर. आणि तो ड्रायव्हर म्हणाला तसा पूल. पंधरा दिवसांनी मी परत येईन." मग अर्ज माझ्यापुढं धरला. 'बाहेर पडण्याचे पर्यायी मार्ग' या ओळीपुढं त्यांनी लिहिलं होतं, 'एक. मालकिणीने स्वतः केलेला.' खाली सही.

संध्याकाळी मी सगळ्यांना खाली माझ्या बैठकीत बसवलं. एकोणीसही जणी. कॉट उतरवून झाल्या होत्या. देवापाशी दिवा लावला होता, आणि आता मला बोलायचं होतं. काय काय बोलायचं ते मी दुपारपासून मनात घोळवलं होतं.

"बाहेर कुठं जात होतात?"

सगळ्यांच्या नजरा निखतकडं वळल्या.

"आइस्क्रीमला? सिनेमाला? खरं सांगा. मी तुमच्यासाठी त्या माणसापुढं खोटं बोलले."

"कुठंच नाही गेलो मावशी," निखत म्हणाली. "फक्त एकदा गेलो."

"कुठं?"

"दवाखान्यात."

मला समजलं नाही.

"मागच्या मे महिन्यात माझा दमा उठला होता. रात्री. फवारा संपलेला. श्वासच येईना," ती हळू बोलत होती, जणू मलाच लागू नये म्हणून. "ह्यांनी तुम्हाला हाका मारल्या. गेट हलवलं. ताटं वाजवली, जिन्यावरून बादली फेकली खाली. खूप वेळ."

"अर्धा तास," अश्लेषा म्हणाली. वेळ तिला बरोबर माहीत असायची.

"मग हिनं खिडकीतून अप्पांना हाका मारल्या. अप्पा पाना घेऊन आले, त्यांनी पलीकडून बोल्ट काढले. मला त्यांनीच उचलून नेलं. पहाटे तुम्ही कुलूप काढायच्या आत आम्ही परत आलो होतो. त्यानंतर बोल्ट आम्ही घट्ट केलेच नाहीत."

"मला कशी जाग आली नाही?" मी विचारलं. "माझी झोप तर..."

सगळ्या जणी खाली बघत होत्या. शेवटी अश्लेषा म्हणाली, "कूलर चालू होता मावशी तुमचा."

कूलर कोपऱ्यात होता. लोखंडी, जुना, मालकांच्या वेळचा. तो सुरू झाला की समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, आणि मी म्हणायची, काय गाढ झोप लागते बाई ह्याच्यापुढं.

मी ठरवलेलं काहीच बोलले नाही. स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यापाशी उभी राहून रडले. पोरी आत आल्या नाहीत, त्या शहाण्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांना गाठलं. "अप्पा, एवढं झालं आणि वर्षभर तुम्ही मला बोलला नाहीत?"

अप्पा दात घासत होते. चूळ भरली, टॉवेलनं तोंड पुसलं.

"सांगितलं असतं अक्का. पण सांगितलं असतं तर तुमी ती खिडकी बुजवली असती."

मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बुजवली असती.

लोखंडी पूल झाला, दार झालं. चार बापांनी आपल्या पोरी दुसरीकडं हलवल्या, पंधरा राहिल्या. परीक्षा झाली. निकालानंतर केंद्रे भाऊ डेपोतला एक पेंटर घेऊन आले आणि त्या दारावर लाल अक्षरांत, गाडीवर असतं तसंच, 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहून घेतलं. रंग उडाला की मी दर दिवाळीला ती अक्षरं पुन्हा गिरवून घेते. रोज सकाळी दूध तापत ठेवायच्या आधी वर जाऊन ते दार उघडून बघते, जाम झालंय का. कुलपाची किल्ली आता कमरेला नसते, गेटच्या आत खिळ्याला असते.

पोरी नव्या येतात, दोन वर्षांनी जातात. एप्रिल-मे महिन्यात त्या खाली येतात, मला घामानं निथळताना बघतात आणि विचारतात, "मावशी, कोपऱ्यात कूलर आहे की. लावत का नाही?"

"आवाज फार करतो," मी सांगते.